जिन्याखालची म्हातारी आणि चार खिडक्या

मित्रांनो, झाकण उघडायची घाई करू नका. आतला दिवा तापायला हल्ली मला वेळ लागतो, तेवढ्यात माझी गोष्ट ऐका. मी झेरॉक्सचं मशीन. जुनं, राखाडी, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी दिलेलं. सरकारी मदत कार्यालयाच्या जिन्याखाली माझी जागा आहे. माझ्याजवळ बसणाऱ्या काकू मला ‘म्हातारे’ अशी हाक मारतात, म्हणून मीही स्वतःला म्हातारीच समजते आणि तशीच बोलते. थकलेल्या माणसाचं बोलणं जरा लांबतं, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून पुढे सरकत असताना कोणी मला काच बसवली, कोणी ड्रम बसवला. ड्रम म्हणजे माझ्या पोटातला गुळगुळीत नळा. अक्षरं आधी त्याच्यावर उमटतात आणि मग कोऱ्या कागदावर उतरतात. सगळ्यात शेवटी एका कामगार मुलीने माझ्या काचेवर स्वतःचा पंजा ठेवला आणि बटण दाबलं. तिच्या तळहाताच्या सगळ्या रेषा कागदावर आल्या. ती खुदकन हसली आणि तिने माझ्यावर ‘पास’ची चिठ्ठी चिकटवली. माझ्या हातून निघालेली ती पहिली प्रत. पुढे लाखो प्रती काढल्या, पण तशी मजा पुन्हा आली नाही.

सुरुवातीला माझा काय थाट होता! वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांच्या खोलीशेजारी मला स्वतंत्र टेबल होतं. माझ्यावर कोणी पेन ठेवलं तरी साहेब ओरडायचे. ‘काय सुबक कॉपी येते हो!’ असं म्हणत लोक कागद उजेडात धरून बघायचे, आणि मी मनातल्या मनात फुगायची. मग नवीन मशीन आलं. ते कॉम्प्युटरशी आपलं आपण बोलायचं. ज्यांनी माझं कौतुक केलं होतं, त्यांनीच मला चौघांकडून उचलून खाली पाठवलं. जिन्याच्या वळणावर माझा एक कोपरा आपटला. तेव्हापासून पायाखाली पुठ्ठा आहे.

खाली आल्यावर मला कळलं, की खरं काम इथेच आहे. समोरच्या भिंतीत चार खिडक्या होत्या. पहिली धान्याच्या मदतीची, दुसरी घरभाड्याच्या मदतीची, तिसरी औषधांची आणि चौथी पाळणाघराची. चार खिडक्या, चार रांगा, चार फॉर्म. आणि प्रत्येक खिडकीला हवे असायचे तेच सहा कागद. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पगाराचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, भाडेकरार आणि डॉक्टरांची चिठ्ठी. आता पाळणाघराला डॉक्टरांची चिठ्ठी कशाला लागते, हे मी इतकी वर्षं विचारते आहे. खिडक्यांच्या मध्ये नुसती एकेक लाकडी फळी होती. पहिल्या खिडकीतला कारकून शिंकला, की चौथीतला ‘जपा हं’ म्हणायचा. पण पहिल्या खिडकीतला कागद चौथीत गेल्याचं मी कधी पाहिलं नाही.

त्यामुळे एक माणूस आला, की मला चोवीस प्रती काढाव्या लागायच्या. शिवाय भरलेल्या प्रत्येक फॉर्मची एकेक प्रत वेगळी. मूळ फॉर्म मुख्य कार्यालयात जायचा आणि इथल्या फाइलीत माझी प्रत राहायची. सकाळी दहापासून जे सुरू व्हायचं, ते संध्याकाळी काकूंनी प्लग काढेपर्यंत. तोच चेहरा, तोच पत्ता, तोच दाखला. माझ्या काचेवर माणसं चार-चारदा पालथी पडायची. मित्रांनो, कामाने कोणी थकत नाही असं नाही, पण तेच ते काम करून जो थकवा येतो तो हाडांत मुरतो. मला हाडं नाहीत, तरी मुरला.

त्यातच माझ्या ड्रमला ओरखडा पडला. एका घाईतल्या माणसाचा कागद पोटात अडकला. काकू जेवायला गेल्या होत्या, त्याने फूटपट्टी घातली आणि कागद उकरून काढला. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रतीवर उजव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, एक बारीक काळी रेघ येऊ लागली. मला इतकी लाज वाटायची! काकूंनी नवा ड्रम मागितला. पण आधी हे मशीन कोणत्या खात्याचं, ते ठरायला हवं होतं. चारही खात्यांनी मला वापरलं होतं आणि चारही खात्यांनी हात वर केले. शेवटी कोणीतरी सुचवलं, की काकूंनी चारही खात्यांकडे वेगवेगळे अर्ज करावेत. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि तो विषय सोडून दिला.

काकूंचं तोंड फटकळ, पण हात हळुवार. स्टेपलरची पिन नखाने काढायच्या, कागदाचा कोपरा दुमडला असेल तर अंगठ्याने सरळ करायच्या. आधीच्या रांगेत दिवस घालवून आलेल्या माणसाला त्या आपलं स्टूल द्यायच्या आणि स्वतः माझ्यावर टेकून उभ्या राहायच्या. त्यांचं वजन मला आवडायचं.

आता जिची गोष्ट सांगायची आहे, ती बाई. ती धुलाई केंद्रात कामाला होती. दवाखान्यांच्या चादरी तिथे यायच्या आणि ही दिवसभर उभ्याने इस्त्री करायची. मनगटांवर भाजल्याचे डाग होते आणि अंगाला साबणाचा वास यायचा. काकू तिला ‘इस्त्रीवाली’ म्हणायच्या. नवरा गेल्याला दोन वर्षं झाली होती. घरात ती, दोन लहान मुली आणि सासूबाई. शिवाय एक धाकटा दीर. तो बेकरीत रात्रपाळी करायचा, झोपायचाही तिथेच, पण जेवायला घरी यायचा. सासूबाईंना साखरेचं दुखणं होतं. दिवसातून दोन इंजेक्शनं घ्यावी लागायची आणि ती तिसऱ्या खिडकीच्या मदतीवर मिळायची. ती चुकली तर म्हातारीचं काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं.

रजा एकच दिवस मिळाली, म्हणून चारही फॉर्म तिने एका दिवसात भरायला घेतले. माझ्याशेजारच्या पायरीवर बसून ती लिहीत होती. धाकटी मुलगी माझ्यातून निघणारा प्रत्येक कागद उचलायची आणि आधी गालाला लावायची.

“आई, गरम आहे!”

“चुरगळू नकोस गं बाळा, साहेबांचे आहेत ते.”

चारही फॉर्मवर एक प्रश्न होता. ‘कुटुंबातील सदस्य किती?’ प्रश्नावर एक फुली होती आणि त्या फुलीचा अर्थ फॉर्मच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत दिलेला होता. इस्त्रीवाली कागद उलटा करायची, ओळीवर बोट ठेवून वाचायची आणि मगच लिहायची. धान्याच्या फॉर्ममागे लिहिलं होतं, एका घरात शिजलेलं जे जेवतात ते कुटुंब. तिने दिराला धरून लिहिलं, पाच. भाड्याच्या फॉर्ममागे, त्या छपराखाली जे झोपतात ते. दीर वगळून चार. औषधांच्या फॉर्ममागे, अर्जदारावर जे अवलंबून आहेत ते. सासूबाई आणि दोन मुली, म्हणजे तीन. पाळणाघराच्या फॉर्ममागे, ज्यांना लाभ मिळणार ते. दोन. चारही उत्तरं अगदी खरी होती. घर एकच होतं आणि तिने ते जसं विचारलं तसं सांगितलं.

फॉर्म माझ्या काचेवर आले तेव्हा काकूंनी खिडकीकडे बघून ओरडून विचारलं, “अहो, पाठपोट काढू का?”

“नको, नको,” आतून आवाज आला. “मागे नुसत्या सूचना आहेत. कागद कशाला वाया घालवता?”

काकूंनी पुढच्या बाजू काढल्या. मी काढून दिल्या. रोजच काढत होते. मित्रांनो, माझी चूक झाली असेल तर ती इथे. माझ्या काचेला जेवढं दिसतं तेवढंच मी उतरवते, आणि पालथ्या बाजूला काही लिहिलंय हे ठाऊक असूनही मला बोलता येत नाही.

दीड महिन्याने कार्यालयात एक तपासनीस साहेब आले. जाड चष्मा, शांत आवाज, आणि सतत दुखणारी मान. चारही खात्यांच्या फाइली शेजारी शेजारी ठेवून बघायच्या, हे काम त्यांना दिलं होतं. याआधी ते कोणीच केलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीवालीच्या चार फाइली उघडल्या आणि त्यांना दिसलं, पाच, चार, तीन, दोन. मुलं लपाछपीला उलटे आकडे मोजतात ना, तसं. मागच्या बाजू तर फाइलीत नव्हत्याच. साहेबांनी नियमाप्रमाणे पत्र पाठवलं. ‘आपण चार ठिकाणी चार वेगवेगळी माहिती दिली आहे. खुलासा होईपर्यंत सर्व मदत थांबवण्यात येत आहे.’

ते पत्र घेऊन ती आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. खुलासा लिहायचा होता आणि अर्थातच चार प्रतींत द्यायचा होता.

“मी खोटं बोलले म्हणतात काकू,” ती म्हणाली. “मी एकेक अक्षर वाचून भरलं होतं हो.”

“मला माहितीये. मी बघितलंय तुला.” काकूंनी पत्र काचेवर ठेवलं. “सासूबाईंची औषधं किती आहेत घरात?”

“अकरा दिवसांची.”

मग ती खिडक्यांपुढे उभी राहू लागली. पहिली खिडकी म्हणाली, आमच्याकडचा आकडा बरोबर आहे, दुसरीला विचारा. दुसरीने तिसरीकडे बोट दाखवलं. तिसरीने सांगितलं, साहेब फिरतीवर आहेत, सोमवारी या. चौथ्या खिडकीत ‘जेवणाची वेळ’ अशी पाटी होती. एकही माणूस उद्धट नव्हता. सगळे आपापल्या फळीच्या आड बसून आपापलं बरोबर सांगत होते. रोज ती कामावरून अर्धा दिवस काढून यायची आणि रोज माझ्याजवळच्या पायरीवर दोन मिनिटं बसून परत जायची. मला वाटायचं, हिला निदान एक गरम कागद तरी द्यावा. पण मागितल्याशिवाय मला काही देता येत नाही.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती, मलाही ती मागाहून काकूंच्या बोलण्यातून कळली. घरात सासूबाई सकाळचं इंजेक्शन टोचल्यासारखं करायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. अकरा दिवसांचं औषध त्यांना बावीस दिवस पुरवायचं होतं. सुनेला सांगितलं तर ती ऐकणार नाही, म्हणून सांगितलं नाही. नवव्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरातच खाली कोसळल्या.

त्याच दिवशी दुपारी तपासनीस साहेब फिरतीवरून परतले आणि थेट जिना उतरून माझ्याकडे आले. हातात चार कागद होते. खुलाशाच्या चार प्रती चार खात्यांतून फिरून अखेर त्यांच्या टेबलावर पोचल्या होत्या, आणि त्यांनी जुन्या फाइली पुन्हा काढल्या होत्या. चारही फाइलींतले पगाराचे दाखले त्यांनी माझ्या झाकणावर ओळीने मांडले.

“काकू, ह्या चारही कागदांवर एकाच जागी रेघ आहे. हिच्या आडनावाच्या शेवटच्या अक्षरावरून जाते. ही काय भानगड आहे?”

“भानगड कसली साहेब, ड्रमला ओरखडा आहे. ह्या म्हातारीची रेघ आहे ती. अख्ख्या गावाच्या कागदांवर मिळेल.”

“म्हणजे चारही खिडक्यांना हिने एकाच दिवशी, एकच दाखला दिला?”

“मग काय चार वेगळे देणार? आहे कुठे तिच्याकडे दुसरा? तुम्हीच एक कागद चारदा मागता आणि मग चार कागद बघून दचकता!”

साहेब मान चोळत उभे राहिले. “दाखला एक आहे हे पटलं. पण आकडे? आकडे तर तिच्याच हातचे आहेत.”

काकूंनी टेबलाच्या खणातून चार कोरे फॉर्म काढले आणि साहेबांच्या पुढ्यात एकेक करून पालथे घातले. “मागची बाजू वाचलीत कधी?”

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाशी धरला. पहिला वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्यापर्यंत येईतो त्यांचे कान लाल झाले होते. चौथा त्यांनी वाचलाच नाही, नुसता धरून ठेवला.

नेमकी तेव्हाच इस्त्रीवाली आली. दवाखान्यातून आली होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. दवाखान्याच्या कागदाच्या प्रती हव्या होत्या. “चार काढा,” ती सवयीने म्हणाली आणि साहेबांना बघून थबकली.

“बाई,” साहेब म्हणाले, “तुमचं चुकलेलं नाही. मी पुढचीच बाजू बघितली.”

ती पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं. मग फार हळू आवाजात, भांडणाचा सूर अजिबात न लावता म्हणाली, “साहेब, आमच्या धुलाईत रोज हजार चादरी येतात. दारातच एका चादरीला एक बिल्ला लागतो. मग धुणारा, पिळणारा, इस्त्री करणारा, घड्या घालणारा, सगळे तोच बिल्ला बघतात. टेबलागणिक नवा बिल्ला लावत बसलो, तर एक चादर धड परत जायची नाही. आम्ही चादरींची एवढी काळजी घेतो हो.”

साहेबांनी त्याच दुपारी सही केली आणि ते चारही खिडक्यांमागे स्वतः कागद घेऊन फिरले. मदत दुसऱ्या दिवशी सुरू झाली, म्हणजे पत्र आल्यापासून दहाव्या दिवशी. फाइलीत बघाल तर फारसा उशीर झालेला दिसणार नाही. सासूबाई वाचल्या. पण आधीच अधू झालेली त्यांची नजर त्या दिवसांत पार गेली. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, की त्या कारखान्यातल्या मुलीने मला ‘पास’ करायला नको होतं.

मित्रांनो, पुढचं सगळं झटपट झालं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. एकच फॉर्म करायचा, हे साहेबांनी कागदावर मांडलं आणि तो कागद वर्षभर मजले चढत-उतरत राहिला. प्रत्येक खात्याला आपली फुली प्यारी होती. साहेब दर आठवड्याला माझ्याकडे नव्या मसुद्याच्या प्रती काढायला यायचे, मान तशीच दुखत असायची. काकू प्रत्येक मसुदा बिनदिक्कत लाल पेनने खोडायच्या. ‘हे कोणाला कळणार? माणसाच्या भाषेत विचारा की.’ इस्त्रीवालीलाही दोनदा बोलावून घेतलं. सतरावा मसुदा ठरला. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव एकदाच लिहायचं आणि नावापुढे नुसत्या खुणा करायच्या. इथे जेवतो का, इथे झोपतो का, कोणाच्या आधाराने राहतो, वय किती. कागदपत्रं एकदाच दाखवायची. मग आतल्या माणसांनी ती फळीपलीकडे एकमेकांना द्यायची. एका दुपारी सुताराने त्या फळ्याही काढल्या. चारांची एक लांब खिडकी झाली.

आणि माझं काम गेलं. पहिले काही दिवस मी कान टवकारून बसायची, आता कोणीतरी येईल म्हणून. खरं सांगते, वाईट वाटलं. इतकी वर्षं कंटाळले होते, तरी वाटलं. काकूंना लांब खिडकीशी बसवलंय, लोकांना फॉर्म समजावून द्यायला. माझ्या झाकणावर चहाचे कप येतात, कोणाची छत्री वाळत पडते. काचेवर धूळ साचली आहे. ड्रम काही शेवटपर्यंत बदलला नाही.

गेल्या आठवड्यात इस्त्रीवाली आली होती. वर्षाचा अर्ज नव्याने द्यायचा होता आणि सासूबाईंचा अंगठा हवा होता, म्हणून त्यांना हाताला धरून आणलं होतं. काकूंनी त्यांना आपलं जुनं स्टूल दिलं, माझ्याशेजारीच. सासूबाईंनी आधी फॉर्म हातात घेतला, दोन्ही अंगांनी चाचपला आणि उलटा केला.

“मागे काय लिहिलंय गं?”

“काही नाही आई. कोरं आहे.”

“नीट बघ. मागेच लिहितात मेले.”

“बघितलं आई. पूर्ण कोरं आहे.”

त्यांनी तरी तळहात सगळ्या कागदावरून फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग अंगठा दिला. काकूंनी माझ्यावरचे कप उचलले, काच बाहीने पुसली आणि त्या भरलेल्या फॉर्मची एकच प्रत काढली. कोणत्याही खिडकीसाठी नाही, त्या घरात ठेवायला. धाकटी मुलगी आता उंच झाली आहे. तिने कागद उचलला, रेघेसकट, आणि गरम होता तोवर आजीच्या गालाला लावला.

आजीने तो तिथेच धरून ठेवला, निवेपर्यंत.

मित्रांनो, मला जपा असं काही माझं म्हणणं नाही. कप ठेवा, छत्री ठेवा, माझं वय झालंय. पण उद्या तुमच्यातलं कोणी खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल. बाहेरचा माणूस दमून आलेला असेल. त्याच्याकडे कागद मागायच्या आधी तो शेजारच्या टेबलावर पडला आहे का, तेवढं उठून बघा. आणि त्याला खोटं ठरवायच्या आधी एकदा कागद उलटा करा.

दिवा तापला बघा आता. काय काढायचं होतं तुम्हाला? ठेवा काचेवर. आणि हो, पाठपोट काढा.